पूर्ववत होण्याचे राजकारण : एका विज्ञानमालिकेच्या अखेरच्या भागाविषयी

म्हसळ्याला एका छोट्या अभ्यासबैठकीत विज्ञानकथेच्या रूपबंधावर बोलण्याची संधी मला मिळाली. चर्चेसाठी 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा अखेरचा भाग घेतला होता. ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर पाहिलेली पिढी बैठकीत होती, तसेच तोच भाग आता मोबाइलवर पाहून आलेले पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थीही होते. माझे निवेदन संपल्यावर एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हा भाग 'अखेरचा' ठरला तो योगायोगाने, त्यामुळे त्यात समाप्तीचा अर्थ शोधणे व्यर्थ आहे, असे मत मांडले. दुसऱ्या एका समीक्षकमित्राने ही संहिता उघडउघड स्त्रीद्वेष्टी असल्याने तिच्यावर अधिक वेळ घालवू नये, असे सुचवले. तिसऱ्यांनी परकायाप्रवेश आपल्या परंपरेत हजारो वर्षे आहे, त्यासाठी परक्या मालिकेकडे जाण्याची गरज काय, असा सवाल केला. चर्चा जवळजवळ संपली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, ती बाई जे म्हणत होती, ते खोटं होतं का?"

वरील तिन्ही विद्वानांच्या भूमिकांत या प्रश्नाला उत्तर नाही. तिन्ही भूमिका आपल्या समीक्षाव्यवहारात रूढ आहेत, प्रतिष्ठितही आहेत. त्या प्रतिष्ठेला हरकत घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम संहिता. 'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन हंगामांत तिचे ७९ भाग प्रसारित झाले. 'टर्नअबाउट इन्ट्रूडर' हा त्यांतला शेवटचा. तो २८ मार्च १९६९ रोजी दाखवला जायचा होता. परंतु त्याच दिवशी माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे निधन झाल्याने तो पुढे ढकलला गेला आणि ३ जून १९६९ रोजी दाखवण्यात आला. त्यानंतर सातच आठवड्यांनी माणूस चंद्रावर उतरला.

कथानक थोडक्यात असे. एका उजाड ग्रहावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर जॅनिस लेस्टर या स्त्रीला एका लुप्त संस्कृतीचे यंत्र सापडते. दोन शरीरांतील मनांची अदलाबदल करण्याची शक्ती त्या यंत्रात आहे. एके काळी कप्तान कर्क याच्याशी तिचा स्नेह होता. आपण कर्तबगार असूनही केवळ स्त्री असल्यामुळे अंतराळयानाच्या कप्तानांच्या जगात आपल्याला प्रवेश नाही, ही तिची तक्रार आहे. ती कर्कला फसवून त्याच्या शरीरात शिरते, कर्कचे मन तिच्या शरीरात कोंडते आणि यानाची सूत्रे हाती घेते. स्पॉकला संशय येतो. स्त्रीदेहातील व्यक्तीच्या मनाशी मन जोडून तो खरा कर्क ओळखतो. त्याच्यावर बंडाचा खटला भरला जातो. मॅकॉय आणि स्कॉट हे अधिकारीही स्पॉकच्या बाजूला जातात; तोतया कप्तान सर्वांना मृत्युदंड फर्मावतो. अधिकारी हुकूम पाळत नाहीत. अदलाबदल आपोआप ओसरते, कर्क स्वतःच्या देहात परततो. लेस्टर कोसळून रडू लागते आणि तिच्यावर प्रेम करणारा डॉक्टर कोलमन तिला सांभाळण्यासाठी घेऊन जातो. इतर कोणत्याही स्त्रीइतके तिचेही आयुष्य समृद्ध होऊ शकले असते, या आशयाचे हळहळीचे उद्गार कर्क काढतो आणि मालिका संपते.

२

आता पहिला आक्षेप. मालिका रद्द झाली म्हणून हा भाग शेवटचा ठरला, लेखकाने तो समाप्ती म्हणून रचलेला नव्हता, हे खरे आहे. पण यावरून या शेवटाला अर्थ नाही असा निष्कर्ष कसा निघतो? लेखकाच्या हेतूवर संहितेचा अर्थ अवलंबून नसतो, हे आपण कवितेच्या बाबतीत गेली कित्येक दशके वर्गात शिकवतो. दूरचित्रवाणी मालिकेची वेळ आली की मात्र हेतूच्या आश्रयाला परत जातो. ही सोय कशासाठी?

भरताने नाट्यशास्त्रात पाच संधी सांगितले: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखात पेरलेले बीज आणि मधल्या संधींत विखुरलेले अर्थ निर्वहणात एकत्र आणले जातात. फ्रँक करमोड यांनी १९६७ साली समाप्तीविषयी जे विवेचन केले, तेही याच्याशी समांतर आहे: शेवट मागील साऱ्या घटनांना आकार देतो. या दोन्ही विचारांना मालिका हा प्रकार अडचणीत आणतो. साठच्या दशकातील साप्ताहिक मालिकेचा करारच असा होता की प्रत्येक भागाच्या अखेरीस सर्व काही मूळ स्थितीत परतले पाहिजे. प्रेमात पडलेला नायक पुन्हा मोकळा, मोडलेले यान पुन्हा धडधाकट. उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर लिहिताना या पुनरावृत्तीच्या व्यवस्थेकडे लक्ष वेधले होते: नायक कृती करतो, पण काळ त्याच्यावर साचत नाही, म्हणून तो पुढच्या अंकात पुन्हा तसाच हजर राहू शकतो.

म्हणजे या प्रकारच्या मालिकेत प्रत्येक भागाला एक छोटी समाप्ती असते आणि तिचे नाव 'पूर्ववत होणे' असे आहे. एरवी पुढच्या आठवड्याचे आश्वासन या समाप्तीला झाकून टाकते. अखेरच्या भागात ते आश्वासन नाही आणि म्हणून 'पूर्ववत होणे' हीच मालिकेची शेवटची कृती म्हणून उघडी पडते. हा शेवट अपघाती आहे हे मान्य केले, तरी त्या अपघातामुळे या रूपबंधाची रोजची सवय दिसू लागते. रचून केलेल्या भव्य समाप्तीत ती कदाचित दिसली नसती.

या भागात मुखसंधीत पेरलेले बीज कोणते? लेस्टरची तक्रार. तिचे निर्वहण कसे होते? होतच नाही. शेवटी देह एकत्र येतात, अधिकारी एकत्र येतात, कप्तानपद जागेवर येते. तक्रार तेवढी रडणाऱ्या स्त्रीबरोबर दृश्याबाहेर जाते.

३

दुसरा आक्षेप वरकरणी माझ्याच बाजूचा वाटतो. संहिता स्त्रीद्वेष्टी आहे, तर तसे म्हणावे आणि पुढे जावे. हा निकाल चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही, पण तो घाईचा आहे. अशा निकालाने समीक्षकाची नैतिक बाजू सुरक्षित होते आणि संहितेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाचायची राहून जाते.

खटल्याचे दृश्य लक्षपूर्वक पाहावे. कर्कच्या देहात कर्क नाही, हे सिद्ध कशाने होते? मॅकॉयच्या वैद्यकीय तपासणीने नव्हे. तिचे निष्कर्ष निर्दोष येतात. मग उरते वर्तन. कप्तानाला आपण आजवर नाना अवस्थांत पाहिले, पण असे भावनावश, हिस्टेरिक कधीच पाहिले नाही, असा स्कॉटच्या बोलण्याचा आशय आहे. म्हणजे पुरुषदेहातील व्यक्ती 'बाईसारखी' वागते, हाच तोतयेगिरीचा पुरावा. इथपर्यंत आक्षेपक बरोबर आहेत.

पण याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहा. स्त्रीदेहात कोंडलेला कर्क शांत आहे, तर्कशुद्ध आहे आणि आपल्या माणसांचा विश्वास संपादन करतो. स्पॉक त्या स्त्रीदेहालाच आपला कप्तान मानतो, त्याच्यासाठी नोकरी आणि प्राण पणाला लावतो. नेतृत्व देहात नसून मनात असते, हे संहितेला सिद्ध करायचे आहे आणि ती ते चोख सिद्ध करते. मग या सिद्धतेचा अपरिहार्य निष्कर्ष कोणता? नेतृत्व देहात नसेल, तर देहाच्या आधारावर कप्तानपद नाकारणारा नियम निराधार ठरतो. स्त्रीच्या देहातून कप्तानपद चालवता येते, हे या भागाने आपल्या डोळ्यांसमोर घडवून दाखवले आहे. लेस्टरला हरवण्यासाठी जो पुरावा उभा केला, तोच तिच्या तक्रारीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे. संहितेला आपलाच निष्कर्ष दिसत नाही. तो दाखवून देणे हे समीक्षेचे काम आहे. 'प्रतिगामी' अशी चिठ्ठी चिकटवणाऱ्याच्या हातून ते होत नाही.

निष्कर्ष दिसू नये यासाठी संहितेने केलेली तजवीजही पाहण्यासारखी आहे. लेस्टर केवळ महत्त्वाकांक्षी नाही. आपल्या सहकाऱ्यांना तिने जाणूनबुजून प्राणघातक किरणोत्साराच्या तोंडी दिलेले आहे. ती खुनी आहे. गुन्हा खरा असल्यामुळे प्रेक्षकाला तक्रारीचा विचार करण्याची गरज उरत नाही. तक्रार करणारी व्यक्ती वाईट निघाली की तक्रार आपोआप निकालात निघते, ही युक्ती फक्त अंतराळात वापरली जाते असे समजण्याचे कारण नाही.

त्या काळी ही तक्रार काल्पनिकही नव्हती. साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत १३ महिला वैमानिकांनी अंतराळवीरांसाठीच्या वैद्यकीय चाचण्या खासगी उपक्रमात पार केल्या होत्या. त्यांना संधी का नाही, यावर १९६२ साली अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि त्यांना संधी मिळाली नाही. १९६३ साली सोव्हिएत संघाची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा अंतराळात गेली. अमेरिकन स्त्री अंतराळात जायला १९८३ साल उजाडले आणि शटलचे नेतृत्व स्त्रीकडे यायला १९९९. लेस्टरच्या तोंडी घातलेले वाक्य त्या काळच्या वर्तमानपत्रातले होते. आणखी एक तपशील: मालिकेत यानाच्या मुख्य कक्षात नित्य बसणारी कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा नेमकी या भागात नाही. ती तिथे असती तर स्कॉटचे ते वाक्य कोणत्या चेहऱ्यासमोर उच्चारले गेले असते, याचा विचार करून पाहावा.

४

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला खरे टोक येते ते मालिकेच्या उत्तरायुष्यात. १९८६ सालच्या 'स्टार ट्रेक'पटात एका यानाची कप्तान स्त्री दाखवली गेली. १९९५ साली सुरू झालेल्या 'व्हॉयेजर' या मालिकेची नायिकाच कप्तान होती. हे स्वागतार्ह होते. पुढे 'एन्टरप्राइज' ही पूर्वकाळात घडणारी मालिका आली. कर्कच्या जन्माआधीच्या शतकात एक स्त्री अंतराळयानाची कप्तान असल्याचे तिने दाखवले. आता प्रश्न उभा राहिला: कर्कच्याही आधी स्त्री कप्तान असेल, तर लेस्टर काय म्हणत होती? सुसंगतीप्रिय चाहत्यांनी सोयीचे उत्तर काढले. ती वेडी होती; नियम तसा नव्हताच, तिला तसा भास होत होता.

हा प्रकार मूळ भागापेक्षाही गंभीर आहे असे माझे मत आहे. मूळ भागाने अन्याय असल्याचे निदान नाकारले नव्हते. लेस्टरने तो बोलून दाखवला तेव्हा कर्कने तो अन्याय असल्याचे मान्यच केले होते. नंतरच्या दुरुस्तीने अन्याय दूर करण्याऐवजी तो कधी झालाच नव्हता असे ठरवले आणि त्याची किंमत तक्रारदाराच्या मानसिक स्वास्थ्यातून वसूल केली. संस्था उशिरा दरवाजा उघडतात आणि मग तो पहिल्यापासून उघडाच होता असे सांगतात. ज्यांनी तो ठोठावला होता, त्या भ्रमिष्ट ठरतात. काल्पनिक विश्वाची सुसंगती राखण्याच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या छंदात इतिहासलेखनाची ही वाईट खोड जशीच्या तशी उतरली आहे.

५

तिसरा आक्षेप देशीपणाचा. परकायाप्रवेश आपल्याकडे आहेच. शंकराचार्य आणि अमरू राजाची कथा आहे. 'नवनाथ भक्तिसार' या पोथीत मच्छिंद्रनाथ मृत राजाच्या देहात शिरतात आणि ही पोथी कोकणातल्या घरांतून आजही वाचली जाते. हे सारे खरे आहे. परंतु 'आपल्याकडे आहे' हे विधान समीक्षा नव्हे. ते वस्तुसंग्रहालयाच्या नोंदवहीतले वाक्य आहे. आपल्याकडे आहे, तर त्याचा शेवट कसा होतो, हे विचारले पाहिजे.

'योगवासिष्ठा'तील चूडालेची कथा घ्यावी. राणी चूडाला आत्मज्ञानी आहे, परंतु राजा शिखिध्वज पत्नीकडून उपदेश घ्यायला तयार नाही. तो वनात जातो. चूडाला कुंभ नावाच्या ब्राह्मणपुत्राचे रूप घेऊन त्याच्यापाशी जाते आणि तोच उपदेश करते. आता राजा ऐकतो. लेस्टरचाच प्रश्न येथे आहे: ज्ञान आहे, अधिकार नाही, अधिकारासाठी पुरुषाचे रूप हवे. चूडालाही अखेरीस मूळ रूपात येते. पण ते रूप प्रकट झाल्यावर राजा तिचे गुरुत्व मान्य करतो आणि दोघे परत येऊन राज्य करतात. देह पूर्ववत होतो, संबंध पूर्ववत होत नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वातील भंगास्वन राजा तर स्त्री झाल्यानंतर, इंद्राने वर देऊ केला असताही, पुन्हा पुरुष होण्यास नकार देतो.

यावरून आपली परंपरा स्त्रीवादी होती असा डंका कोणी पिटू नये. भंगास्वनाच्या निवडीचे जे कारण कथेत दिले आहे, ते स्त्रीच्या कामसुखाविषयीच्या पुरुषी कुतूहलातून आलेले आहे. चूडालेलाही सत्य सांगण्यासाठी सोंग घ्यावे लागले, हे विसरता येत नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे. अदलाबदलीच्या कथेत 'सर्व पूर्ववत' हा एकमेव संभवनीय शेवट नाही, हे या कथा सिद्ध करतात. म्हणून १९६९ सालचा शेवट ही कथाप्रकाराची अपरिहार्यता नसून निवड होती, असे म्हणण्याला आधार मिळतो. देशी परंपरेचा असा उपयोग केला, तर ती समीक्षेच्या कामी येते.

तोच निकष मराठी विज्ञानकथेला लावावा. जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत देहाची वेगळीच उलथापालथ आहे: मोबियस पट्टीच्या तत्त्वाने वस्तू आणि माणूस आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे होतात, आणि शीर्षकातली मूर्ती हीच त्या घटनेची खूण आहे. जगात एक खूण उरते. कथा स्वतःला पुसून टाकत नाही. त्यांच्याच 'धूमकेतू'मध्ये पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिकांच्या उपायाने दूर होतो. परंतु तो शोधणाऱ्या दत्तदांच्या घरात दरम्यान होम झालेला असतो आणि संकट त्यानेच टळले अशी पत्नीची खात्री असते. दोन स्पष्टीकरणे एका घरात शेजारी शेजारी उभी राहतात. समाप्ती म्हणून ही 'टर्नअबाउट इन्ट्रूडर'पेक्षा कितीतरी प्रौढ आहे, कारण ती बीजाला निर्वहणात खरोखर आणते. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे: विवेक पतीच्या वाट्याला आणि अंधश्रद्धा पत्नीच्या वाट्याला आली आहे. नारळीकरांविषयीचा आदर जराही कमी न होऊ देता हा प्रश्न विचारता येतो, आणि मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेने तो ठामपणे विचारायला हवा. दूरच्या मालिकेवर कठोर आणि घरच्या कथेवर मवाळ, असा दुहेरी मापदंड असू नये.

६

हे सारे म्हसळ्याला बसून बोलण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. एके काळी जंजिरा संस्थानचा महाल असलेल्या या भागातील असंख्य घरांचा कर्ता पुरुष मुंबईला किंवा आखाती देशांत असतो. घर, शेत, मुलांची शाळा, आजारपण सारे बायका पाहतात. त्रेहात्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. तरी आजही एखाद्या ग्रामसभेला जावे. खुर्चीवर सरपंचबाई असतात आणि शेजारून बोलणारा आवाज यजमानांचा असतो. लोक त्यांनाच 'सरपंच' म्हणून हाक मारतात. स्त्रीच्या देहात पुरुषाचे मन घालण्यासाठी येथे कोणत्याही लुप्त संस्कृतीचे यंत्र लागत नाही. आणि एखादी बाई स्वतःच्या आवाजात बोलू लागली, आवाज जरा चढला, की 'बाईंचा तोल गेला' हा शेरा तयार असतो. स्कॉटची साक्ष याहून वेगळी नव्हती.

म्हणून अपघाती शेवट, प्रतिगामी संहिता किंवा आपल्याकडे आहेच, अशा शेऱ्यांनी चर्चा गुंडाळणे मला मान्य नाही. या तिन्ही शेऱ्यांचा परिणाम सारखाच होतो: बैठक संपते, सर्व जण पूर्ववत जागेवर जातात आणि विचारलेला प्रश्न दृश्याबाहेर राहतो. समीक्षेची बैठकही मग साप्ताहिक मालिकेच्या नियमाने चालू लागते.

त्या दिवशी मी त्या विद्यार्थिनीला पुरेसे उत्तर देऊ शकलो नाही. वेळ संपली होती आणि तिला शेवटची एसटी गाठायची होती. ते आता देतो. लेस्टरने खून केले, फसवणूक केली, त्यासाठी ती दोषी आहे. पण ती जे म्हणत होती ते खोटे नव्हते. तिच्या गुन्ह्याची सुनावणी पूर्ण झाली. तिच्या तक्रारीची सुनावणी त्या भागात झाली नाही, नंतरच्या मालिकांनीही ती घेतली नाही. ती घेणे वाचकाच्या हाती आहे, आणि प्रश्न विचारून तिने ती सुरूही केली आहे.